कडीचा डबा परत करताना

प्रिय कुंदा,

तुझा कडीचा डबा माझ्याकडे आहे. तीन वर्षं माळ्यावर, जुन्या रजयांच्या मागे होता. काल दुपारी स्टुलावर चढून मी तो खाली काढला. सत्तरी उलटल्यावर स्टुलावर चढू नये असं मीच अख्ख्या बिल्डिंगला सांगत असते, पण हे काम दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तो माझ्याकडे कसा आला हे तुला माहीत आहे आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही. उद्या सकाळी अकराला तुझी मुग्धा येणार आहे आणि डबा तिच्या हातात द्यायचा आहे. त्याआधी तुझ्याशी बोलल्याशिवाय माझ्याच्यानं ते व्हायचं नाही, म्हणून हे पत्र. गेलेल्या माणसाला कसलं पत्र लिहायचं, वर पत्ता काय घालणार, असं एरवी मीच कुणाला तरी फटकारलं असतं. स्वतःला फटकारून झालं. आता लिहिते.

मंगळवारी मुग्धा आली होती, लेकीला घेऊन. ईरा नाव ठेवलंय. तू पाहिली नाहीस तिला. दोन वर्षांची आहे, नाक तुझं घेतलंय आणि हट्टही तुझाच. गेल्या महिन्यात त्यांनी विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला आणि विनायकभावोजीही त्यांच्याकडे राहायला गेले. खाली तुमच्या दाराला कुलूप आहे. जिना चढताना मी अजून त्या दाराशी थांबते, नुसत्या सवयीनं.

चहा पिता पिता मुग्धा म्हणाली, "मोठी काकू, मला तुझ्यासारखा औषधांचा डबा सेट करून दे ना. ईरा दिवसभर कुठे ना कुठे आपटत असते आणि आमच्या तिकडे मेडिकल लांब आहे. ऑनलाइन लिस्ट बघितली मी, पण मला तुझीच हवीय. आई नेहमी म्हणायची ना, काही झालं की आधी वर जा, मोठ्या काकूकडे सगळं असतं."

आधी वर जा! कुंदा, हे तू तिला शिकवून ठेवलं होतंस? मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

माझ्याकडे सगळं होतं हे मात्र खरं. बेसिनच्या वरचं काचेचं कपाट तुला आठवत असेलच, तू त्याला 'सरकारमान्य दवाखाना' म्हणायचीस. एकतीस वर्षं शाळेत प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात होती. रिटायर झाल्यावर तीच शिस्त मी घरी आणली. पाच डबे, त्यांवर पाच चिठ्ठ्या. डोकं, पोट, दात, पाठ-कंबर, कातडी. शाळेत पोरं रडत यायची तेव्हा मी एकच विचारायची, "कुठं दुखतंय? बोट ठेव." बोट ठेवलं की डबा ठरला. गुडघा फुटला तर साबण-पाणी, लाल औषध आणि पट्टी. पोट दुखलं तर ओव्याची चिमूट आणि दहा मिनिटं बाकावर आडवं. एकतीस वर्षांत एकाही पोराचं दुखणं माझ्या हातून बिघडलं नाही, याचा मला केवढा ताठा होता! पोरांचं दुखणं बहुतेक वेळा जिथं दुखतं तिथंच असतं, मोठ्या माणसांचं तसं नसतं, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नाही.

आणि तू? तू तर माझं कधी म्हणून ऐकलं नाहीस. त्या होळीला पुरणपोळीच्या तव्याला तळहात लागला, तर टूथपेस्ट फासून वर आलीस. "दात तळहाताला फुटलेत का गं तुझे?" म्हणून मी ओरडले आणि तुझा हात वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरून ठेवला. तू आपली सारखी, "अहो वहिनी, किती पाणी वाया जातंय, पुरे करा आता." भावोजींच्या उरलेल्या गोळ्या तू स्वतःच्या खोकल्याला खाऊन मोकळी व्हायचीस, टाकून कशाला द्यायच्या म्हणून. वर्षातून एकदा रक्तदाब तरी बघून घे म्हटलं, तर तुझं ठरलेलं उत्तर होतं, "मला काय धाड भरलीय?" तीस वर्षं एका जिन्यावर राहून तू माझा एक सल्ला मानला नाहीस.

त्या दिवशी मात्र मानलास. का गं?

द्वादशी होती. सकाळचे साडेआठ वाजले होते. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण दूध नुकतंच वर आलं होतं आणि मी गॅस बंद करून दार उघडायला आले. दारात तू, हातात कडीचा डबा. आदल्या दिवशीचा बटाट्याचा उपासाचा चिवडा आणला होतास. एक मजला चढून तुला दम लागला होता आणि वरच्या ओठावर घाम होता.

मी काय म्हणाले आठवतं? "एकादशी आणि दुप्पट खाशी! आणि वर उरलाय तरी केवढा!"

तू हसलीस. धड हसली नव्हतीस, हे मला आता दिसतं. डबा ओट्यावर ठेवलास, तिथंच खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "वहिनी, पित्त झालंय हो. छातीत कसंतरीच होतंय. जड जड."

"होणारच. दिवसभर साबुदाणा, शेंगदाणे आणि चार वेळा चहा. दुसरं काय होणार?"

पित्त! काय शब्द आहे हा आपला. डोकं दुखलं की पित्त, चक्कर आली की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, नवऱ्याशी भांडण झालं तरी पित्तच. आपल्याकडे माणूस दुसऱ्या कशानं आजारी पडतच नाही. तू तो शब्द उच्चारलास आणि मला पुढचं विचारायची गरजच वाटली नाही. बोट ठेव म्हटलं असतं तरी तू कुठं ठेवलं असतंस? तू तर पूर्ण तळहात ठेवला होतास छातीवर.

मी 'पोट' लिहिलेला डबा काढला. त्यातलं ते गुलाबी पातळ औषध दोन चमचे तुला दिलं. थोड्या वेळानं म्हणालीस, पाठीत भरून आलंय, खांद्यांच्या मधोमध. मी 'पाठ-कंबर' काढला आणि तुझ्या पाठीला बाम चोळला. चांगला दाबून चोळला, माझ्या या हातांनी. मग म्हणालीस, "डावा जबडा ठणकतोय हो." मी काय म्हणावं? "ती दाढ दाखव म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतेय." आणि 'दात' काढून लवंगेच्या तेलाचा बोळा तुझ्या दाढेखाली ठेवला. घाम येतोय, मळमळतंय म्हणालीस तर मीठ-साखर घालून लिंबाचं सरबत केलं. तेही तू घेतलंस, बोळा काढून, पुन्हा बोळा ठेवून.

तुझं एकच दुखणं होतं, कुंदा. ते मी तीन डब्यांत वाटून टाकलं. प्रत्येक डब्यात त्याला औषध निघालं, हाच घात झाला. कपाटात काही नसतं तर मी घाबरले असते. तुझा हात धरून खाली उतरले असते, मिळेल ती रिक्षा थांबवली असती. सदाशिव पेठेत डॉक्टर कमी आहेत का? आपल्या गल्लीतच तीन पाट्या आहेत. पण मला डॉक्टर कशाला हवा होता!

नऊ-सव्वानऊला तू विचारलंस, "मुग्धाला फोन करू का?"

"ऑफिसात आहे ना ती? पित्त झालंय हे सांगायला तिचं काम कशाला मोडतेस? पड जरा. वाटेल बरं."

भावोजी कामासाठी बँकेत जाऊन परस्पर मित्राकडे जाणार होते, त्यांनाही कळवू नको, असं मी म्हणाले. मीच म्हणाले. आणि तू, जी माझ्याशी मीठ किती घालायचं यावरून तासभर वाद घालायचीस, ती गुपचूप उठलीस आणि माझ्या पलंगावर जाऊन आडवी झालीस. मी मेथी निवडत बसले. मध्ये एकदा डोकावले, तर डोळे मिटून पडली होतीस. मनात म्हटलं, चला, गुण आला.

साडेबाराला मऊभात आणि मेतकूट घेऊन आत आले आणि तुला हाक मारली. तू डोळे उघडलेस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. हात गार पडला होता. बोळा उशीवर पडला होता आणि उशीला लवंगेचा वास येत होता. ती उशी मी नंतर टाकून दिली. लवंग मात्र अजून घरात आणत नाही, मसाल्यालासुद्धा.

पुढचं तुला कितपत कळलं, देव जाणे. मी जिन्यात जाऊन ओरडले, माणसं धावली, अ‍ॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं कागद समोर घेतला आणि मला विचारलं, "आजी, यांना दुखायला कधी लागलं? नेमकी वेळ सांगा. वेळ महत्त्वाची आहे."

आणि मी म्हणाले, "आत्ताच. बारा-साडेबाराला."

तिनं ते लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं, कुंदा. तिचं पेन थांबवायला मला फार तर एक शब्द लागला असता. पण मला वाटलं, ही विचारेल, मग चार तास तुम्ही काय करत होतात? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि तेच मला द्यायचं नव्हतं. तू अजून जिवंत होतीस तेव्हा. आत कुठेतरी तुझ्यावर उपचार चालू होते आणि बाहेर मी माझी अब्रू सांभाळत होते. ती वेळ खरी सांगितली असती तर काही वेगळं झालं असतं का? कुणाला तरी विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणूनच मी कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी सहाला तू गेलीस.

घरी आले तर ओट्यावर तुझा डबा. घरच्यांनाही मी तू बारानंतर वर आलीस असंच सांगितलं होतं. तू सकाळी वर आली होतीस याची तेवढी एकच खूण. चिवडा मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. डबा घासला, पुसला आणि माळ्यावर रजयांच्या मागे सरकवला. खाली तुमच्या घरात बायका रडत होत्या, आणि शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरून उभं करणारी मी वरती डबा लपवत होते!

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. तुला माहीत आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. भावोजी हात जोडून म्हणाले, "मुग्धाची काळजी करू नकोस." मुग्धा म्हणाली, "बाबांना मी सांभाळीन." तुझ्या बहिणीनं काहीबाही कबूल केलं. कावळे समोरच्या भिंतीवर बसून बघत होते. ऊन चढलं. मग मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "सांगीन." आणि एक कावळा खाली उतरला. योगायोग असेल. असेलच. पण तीन वर्षं झाली आणि मी काही सांगितलेलं नाही. तुला फसवून झालं होतं, मग त्या कावळ्यालाही फसवलं.

तेराव्यानंतर मुग्धा भांडी आवरताना वर आली. "मोठी काकू, आईचा कडीचा डबा कुठे दिसला का गं? माझ्या बारशाचा, माझं नाव घातलेला."

मी म्हटलं, "चिवडा घालून दिला असेल कुणाला तरी. येईल परत."

ती म्हणाली, "हो ना. रिकामा डबा कुणी परत करत नाही, म्हणून थांबले असतील." आणि खाली गेली. आपलीच रीत ती. तूच शिकवलेली. त्या रीतीच्या आड मी तीन वर्षं बसून राहिले.

गप्प का राहिले, ते तुला सांगायला नकोच. मला मूल नाही. तू मुग्धाला जन्म दिलास आणि दुसऱ्या महिन्यापासून ती माझ्या मांडीवर वाढली, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस आणि कधी अडवलंही नाहीस. आता ईरा येते, माझ्या चष्म्याच्या काड्या ओढते आणि 'मोती आजी' म्हणते. मुग्धाला कळलं तर ती मला काय म्हणेल, याची मी इतक्या वेळा उजळणी केली आहे की तिचा आवाजसुद्धा ऐकू येतो. बोलली तर बरं. काही न बोलता ईराला कडेवर घेऊन जिना उतरली तर? खाली तुमचं दार बंद, वर मी एकटी. मग माझ्याकडे सगळं असून करायचं काय?

पण मंगळवारी तिनं डबा मागितला आणि मला दिसलं, की हे तिच्या घरी चाललंय. माझे पाच डबे, माझी बोट ठेवायची पद्धत, आणि तुझं ते 'आधी वर जा'. उद्या भावोजींना छातीत जड वाटलं, तर मुग्धा आधी काय उघडेल? माझा डबा! मोठ्या काकूकडे सगळं असतं ना!

म्हणून गेले चार दिवस मी कपाट रिकामं करतेय. काय काय निघालं, तू असतीस तर हसून लोळली असतीस. तारीख उलटून गेलेल्या गोळ्या, कुणाकुणाच्या उरलेल्या अर्ध्या पट्ट्या, घट्ट होऊन बसलेली मलमं, नाव पुसलेली एक बाटली, जिच्यात काय आहे ते मलाही सांगता येईना. आणि हे सगळं मी शिस्तीत ठेवलं होतं बरं का, चिठ्ठ्या लावून! दोन पिशव्या भरल्या. चिठ्ठ्याही सोलून काढल्या. 'दात'वरची निघेना, नखानं खरवडली.

मग तुझा डबा धुऊन उन्हात वाळवला आणि भरला. थर्मामीटर, कापूस, गॉज, चिकटपट्टी, बोथट टोकांची कात्री, काटा काढायचा चिमटा. जखम धुवायला साबणाची नवी वडी, कारण लोक नेमकी तीच विसरतात. तापाची गोळी भावोजींना आणि मुग्धाला. ईराचं तापाचं औषध वेगळं, तिच्या डॉक्टरांना विचारून घ्यायचं, म्हणून त्याची जागा मोकळी ठेवलीय. ओआरएसच्या चार पुड्या. भाजलं तर डब्यातलं काही नको, वाहता नळ, हेही लिहिलंय. टूथपेस्ट नको असं दोनदा लिहिलंय, तुझी लेक आहे म्हणून. वर डॉक्टरांचा, जवळच्या हॉस्पिटलचा आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर लिहायला रेघा आखून दिल्यात. बस्स. आणखी काही नाही. जेवढं घरी निभतं तेवढंच त्यात आहे.

सगळ्यात शेवटी झाकणाच्या आतून एक कार्ड चिकटवलं. शाळेतल्या अक्षरात लिहिलंय, ठळक. तुला वाचून दाखवते.

"छातीत जड वाटलं, दम लागला, घाम फुटला, पाठ, हात किंवा जबडा दुखला, तर हा डबा बंद करायचा. पित्त म्हणायचं नाही. पडून राहायचं नाही. लगेच हॉस्पिटल. आणि दुखणं कधी सुरू झालं ते खरं सांगायचं."

एवढं लिहून सकाळी मी थांबले होते. खाली दोन ओळींची जागा उरली होती. दुपारी डबा घेऊन बसले आणि त्या लिहिल्या.

"तुझी आई त्या दिवशी माझ्याकडे सकाळी साडेआठला आली होती. मी डबा उघडला. – मोठी काकू."

'साडेआठ'मधला ठ जरा वाकडा आलाय. वाचता येतोय.

तुझ्यावर रागावले आहे मी, कुंदा. अजून रागावले आहे. एकदा, फक्त एकदा नेहमीसारखी उलटून बोलली असतीस! "तुमचं काय जातंय वहिनी, मी चालले डॉक्टरकडे," म्हणून ताडताड जिना उतरली असतीस, तर मी चार दिवस गाल फुगवून बसले असते आणि पाचव्या दिवशी तुझ्याकडे आमटी मागायला आले असते. जन्मभर माझं ऐकलं नाहीस, आणि ऐकायला तोच दिवस सापडला तुला?

क्षमा मागत नाही. ती द्यायला तू इथं नाहीस, आणि मागण्याइतकं तोंडही मला उरलेलं नाही. घाटावर 'सांगीन' म्हणाले होते, ते तेवढं आता पुरं करते. उद्या अकराला मुग्धा आली की चहा टाकण्याआधी डबा तिच्या हातात देईन, तिचं नाव तिच्याकडे करून. झाकण मी स्वतः उघडीन. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल तोवर समोर उभी राहीन. स्वयंपाकघरात जाणार नाही, नळ सोडणार नाही. ती विचारील त्या प्रत्येक गोष्टीची खरी वेळ सांगीन, लवंगेच्या बोळ्यासकट. त्यानंतर ती जिना उतरून गेली, तर दाराशी उभी राहून तिला जाऊ देईन.

रिकामा डबा परत करू नये म्हणतात. भरून देतेय.

तुझी,
नलूवहिनी